थंडीत डिझेल गाडी उचलत नाही? हीटर प्लग तपासण्याची आणि बदलण्याची रीत

डिसेंबर सरत आला की निफाडच्या पट्ट्यात पहाटेचा पारा पाच-सहा अंशांवर उतरतो, कधी त्याच्याही खाली. द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात आणि त्याच सुमारास गल्लीगल्लीतून डिझेल गाड्यांचे सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या मोटरी, कण्हत असल्याचे आवाज यायला लागतात. दोनदा, तीनदा, चारदा सेल्फ मारायचा, मग एकदाची गाडी उचलते, पांढऱ्या धुराचा लोट निघतो आणि इंजिन दोन मिनिटं थरथरत राहतं. ऊन वर आल्यावर तीच गाडी एका चावीत सुरू होते, आणि आपण म्हणतो, जाऊ दे, थंडी आहे.

मीही एक अख्खा हिवाळा असंच म्हणत काढला. बॅटरी नवी आणली, फरक पडला नाही. डिझेल फिल्टर बदलला, तरी नाही. शेवटी एका ओळखीच्या वायरमनने दहा मिनिटांत दाखवलं की चारपैकी दोन हीटर प्लग मेलेले आहेत. खरा फटका त्यानंतर बसला. ते प्लग काढताना थंड इंजिनवर लांब पाइप लावून जोर केला गेला आणि एक प्लग हेडमध्येच, म्हणजे सिलेंडरवरच्या झाकणातच, तुटला. काही शेकड्यांचा सुटा भाग, पण हेड उतरवून लेथवर न्यायची वेळ आली. म्हणून हे सगळं बारकाईनं लिहितोय. प्लग ओळखणं सोपं आहे, बसवणंही सोपं आहे. धीर लागतो तो काढायला.

हा प्लग करतो काय

पेट्रोल इंजिनात ठिणगी पडते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. तिथे हवा इतकी दाबली जाते की ती स्वतःच तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा पडला की भडका होतो. आपल्याकडे स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा, पुंटो अशा कितीतरी गाड्यांत बसलेलं १२४८ सीसीचं १.३ लिटर डिझेल इंजिन घ्या. त्याच्या सुरुवातीच्या रूपात दाबाचं प्रमाण १७.६ ला १ होतं, म्हणजे सिलेंडरभर हवा साधारण साडेसतरा पटींनी आखडली जाते. इंजिन गरम असेल तर एवढं पुरतं. पण रात्रभर गारठलेल्या इंजिनात ही उष्णता लोखंड आणि ॲल्युमिनियम शोषून घेतात, त्यात गार तेलामुळे सेल्फही हळू फिरतो. हवा हवी तेवढी तापतच नाही.

तेव्हा हीटर प्लग कामाला येतो. गॅरेजमध्ये त्याला हीटर प्लग म्हणतात, डब्यावर ग्लो प्लग लिहिलेलं असतं, दोन्ही एकच. प्रत्येक सिलेंडरला एक, पेन्सिलीएवढा जाड, टोक आत ज्वलनाच्या जागेत डोकावणारं. चावी फिरवली की काही सेकंदांत ते टोक लालबुंद होऊन ८५० अंशांच्या वर जातं. नव्या जातीचे प्लग हजार अंश गाठतात, सिरॅमिकचे त्याहून वर. डॅशबोर्डवर स्प्रिंगच्या वेटोळ्यासारखा पिवळा दिवा लागतो तो याचाच.

एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. गाडी सुरू झाली म्हणजे प्लगचं काम संपलं असं नसतं. बऱ्याच गाड्यांत इंजिन सुरू झाल्यावरही पहिली दोन-तीन मिनिटं प्लग तापत राहतात, म्हणजे धूर आणि थरथर कमी होते. सकाळची ती थरथर नेमकी इथूनच येते.

जुन्या आणि नव्या इंजिनांतला फरकही ध्यानात ठेवा. १९९८ साली आलेली पहिली इंडिका किंवा जुनी सुमो यांच्या डिझेल इंजिनांत फवारा आधी हेडमधल्या छोट्या कप्प्यात पडतो. त्या कप्प्याच्या भिंती उष्णता खाऊन टाकतात, म्हणून ही इंजिनं जवळजवळ प्रत्येक थंड सुरुवातीला प्लग मागतात. कॉमन रेलच्या, म्हणजे एकाच नळीतून सगळ्या इंजेक्टरना जास्त दाबानं डिझेल देणाऱ्या, नव्या इंजिनांत फवारा थेट सिलेंडरमध्ये पडतो, त्यामुळे रत्नागिरी-मालवणच्या हवेत दोन प्लग मेलेले असले तरी वर्षभर पत्ता लागत नाही. तीच गाडी जानेवारीत महाबळेश्वरला मुक्कामी नेली की पहाटे सगळं उघडं पडतं.

आधी दुसरी कारणं बाजूला काढा

बॅटरीपासून सुरुवात करा. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर मल्टिमीटर लावा. भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ च्या खाली असेल तर ती अर्ध्यावर आलेली आहे. मग कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि आकडा बघत राहा. सेल्फ फिरताना तो साडेनऊच्या खाली कोसळत असेल तर आधी बॅटरी किंवा तिचे टर्मिनल. सेल्फ जोमानं फिरतोय आणि तरी गाडी उचलत नाही, तेव्हाच पुढे जा.

आता सायलेन्सरकडे बघा. ही तपासणी फुकट आहे आणि मला ती सगळ्यात जास्त आवडते. सेल्फ मारताना मागून पांढरा धूर येतोय का? येत असेल तर डिझेल सिलेंडरपर्यंत पोचतंय, फक्त पेटत नाही. म्हणजे उष्णता कमी पडतेय, संशय हीटर प्लगवर. धुराचा मागमूसही नसेल तर डिझेलच पोचत नाही. मग हवा धरली असेल, फिल्टर तुंबला असेल, पंपाचं काही असेल. तिथे प्लग बदलून काही होणार नाही.

धुराचा वासही घ्या, जवळ वाकून नव्हे, हातानं थोडा ओढून. न जळलेल्या डिझेलचा धूर डोळ्यांना झोंबतो. गोडसर वास येत असेल, कूलंटची पातळी उतरत असेल आणि गाडी तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल, तर कूलंट सिलेंडरमध्ये जातंय. ते हेड गॅस्केटचं, म्हणजे हेडखालच्या सीलचं दुखणं, आणि त्यात दिरंगाई नको.

हीटर प्लग गेल्याची खूण म्हणजे त्रास पहिल्या सुरुवातीला होतो आणि इंजिन तापलं की नाहीसा होतो. दुपारी गरम इंजिनलाही गाडी कुरकुरत असेल तर कारण दुसरीकडे शोधा.

डॅशबोर्डच्या दिव्यावर भरवसा नको

स्प्रिंगचा दिवा लागतो आणि विझतो, म्हणजे प्लग ठीक, असं पुष्कळजण धरून चालतात. तसं नाही. तो दिवा इंजिनाचं तापमान बघून ठरावीक वेळ लावला जातो. जुन्या गाड्यांत चारही प्लग मेलेले असले तरी तो इमानानं लागेल आणि विझेल. उलट चालत्या गाडीत तो लुकलुकायला लागला किंवा इंजिनचा दिवा लागला, तर यंत्रणेनं काहीतरी पकडलंय.

गाडीच्या संगणकातले दोषांचे कोड वाचणारा स्कॅनर असेल तर लावा. पी०६७१ ते पी०६७४ हे कोड अनुक्रमे पहिल्या ते चौथ्या सिलेंडरच्या प्लगचे. पी०३८० म्हणजे प्लगच्या सर्किटमध्ये गडबड, पी०६७० म्हणजे प्लगच्या कंट्रोल मॉड्यूलच्या सर्किटमध्ये. मात्र कोड सर्किटचा असतो. वायर तुटली तरी तोच येतो, म्हणून नुसता कोड बघून प्लग मागवू नका.

तपासणी: करंट पोचतोय का

हे पहाटेच करा, इंजिन पूर्ण थंड असताना. इंजिन गरम असेल किंवा हवा उबदार असेल तर बऱ्याच गाड्या प्लगना करंट देतच नाहीत. मे महिन्याच्या दुपारी टेस्ट लॅम्प (वायर आणि टोक असलेला तपासणीचा दिवा) लागला नाही म्हणून रिले, म्हणजे प्लगना करंट सोडणारा स्विच, गेला असं ठरवू नका.

बोनेट उघडा. प्लग सिलेंडर हेडला, इंजेक्टरच्या जवळपास असतात. चारही प्लगच्या डोक्यावर एक वायर किंवा सगळ्यांना जोडणारी धातूची पट्टी दिसेल. टेस्ट लॅम्पची क्लिप इंजिनच्या स्वच्छ धातूला लावा, टोक प्लगच्या डोक्याला टेकवा आणि दुसऱ्या माणसाला चावी फिरवायला सांगा, सेल्फ न मारता. लॅम्प लागला तर करंट येतोय. नाही लागला तर आधी प्लगचा मोठा फ्यूज, मग रिले किंवा कंट्रोलर, मग इंजिनच्या तापमानाचा सेन्सर. इंजिन गरम आहे अशी चुकीची खबर सेन्सर देत असेल तर चांगल्या प्लगनाही करंट मिळत नाही.

नव्या गाड्यांत लॅम्प आधी लख्ख लागून मग मंद होतो. तो दोष नाही. तिथले प्लग ४.४, ५ किंवा ७ व्होल्टचे असतात. कंट्रोलर त्यांना सुरुवातीचा क्षणभर पूर्ण व्होल्टेज देतो आणि मग तोडून तोडून करंट सोडतो.

तपासणी: प्लग जिवंत आहे का

चावी बंद. वायर किंवा पट्टी पूर्ण काढा. पट्टी तशीच ठेवून मोजलं तर चारही प्लग एकमेकांशी जोडलेले राहतात आणि एका जिवंत प्लगच्या जोरावर मेलेलाही चांगला दिसतो. ही चूक मी स्वतः केली आहे.

मल्टिमीटर सगळ्यात खालच्या ओहमवर ठेवा. आधी त्याची दोन्ही टोकं एकमेकांना टेकवून आकडा बघा, बहुतेक ०.२ किंवा ०.३ येईल. तो वायरींचा स्वतःचा, पुढच्या प्रत्येक आकड्यातून वजा करायचा. मग एक टोक प्लगच्या डोक्यावर, दुसरं इंजिनच्या स्वच्छ धातूवर. धातूचा धडधाकट प्लग थंड असताना साधारण ०.३ ते १.५ ओहम दाखवतो. मीटर काहीच दाखवत नसेल, म्हणजे वाट तुटलेली असेल, तर तो प्लग गेला.

साधा मल्टिमीटर एका ओहमच्या खाली फारसा नेमका नसतो, म्हणून आकड्यापेक्षा तुलना महत्त्वाची. तीन प्लग ०.८ दाखवतात आणि चौथा ३ दाखवतो, तर चौथा उताराला लागलाय.

मीटर नसेल तर बल्बचा टेस्ट लॅम्प चालतो, एलईडीचा मात्र नको. क्लिप बॅटरीच्या प्लसला, टोक वायर काढलेल्या प्लगच्या डोक्याला. लॅम्प लागला तर आतली वाट शाबूत. यातून प्लग किती तापतो ते कळत नाही, मेलेला तेवढा हाती लागतो.

डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर कुणाकडे मिळाला तर उत्तमच. घरगुती वायरिंगवाले वापरतात तो फक्त एसीचा असेल तर इथे उपयोगाचा नाही. जुन्या ११-१२ व्होल्टच्या चार प्लगना जाणाऱ्या मुख्य वायरीवर तो लावला की सुरुवातीची उसळी उतरल्यावर ४० ते ६० अँपिअरच्या आसपास आकडा स्थिरावतो. एक प्लग मेला की त्यातला चौथा हिस्सा गळतो.

काढणं: इथे घाई नाही म्हणजे नाही

प्लगचं अंग सडपातळ असतं. त्याचे आटे आणि टोकाभोवतीची फट वर्षानुवर्षं कार्बन आणि गंज धरत जातात. वर जोर, खाली पकड, मध्ये बारीक मान, मग ती मान पिळून तुटते.

दोन दिवस आधीपासून तयारीला लागा. प्लगच्या मुळाशी साचलेली धूळ हवेच्या झोतानं उडवून द्या, नाहीतर प्लग निघताच ती सिलेंडरमध्ये पडेल. मग गंज सोडवणारं तेल मुळाशी सोडा. रात्री एकदा, सकाळी एकदा, पुन्हा रात्री. तेल झिरपायला वेळच लागतो.

काढायच्या दिवशी गाडी वीसेक मिनिटं फिरवून आणा. इंजिन चांगलं गरम हवं. तपासणी थंड इंजिनवर, काढणं गरम इंजिनवर, यात गफलत नको. ॲल्युमिनियमचं हेड तापल्यावर पोलादी प्लगपेक्षा जास्त फुलतं आणि पकड सैल होते. हातमोजे घाला, बॅटरीच्या मायनसची वायर काढून ठेवा.

डोक्यावरचा छोटा नट आधी काढा, तो फार नाजूक असतो. मग लांब सॉकेट सरळ, तिरका न होता, पूर्ण बसवा. ८, ९, १०, १२ मिलिमीटर यांपैकी कोणता लागतो ते गाडीवर ठरतं. टॉर्क पाना (किती जोर लागतोय ते दाखवणारा पाना) असेल तर त्यावर मर्यादा लावून ठेवा. ८ मिलिमीटरच्या आट्यांच्या प्लगला सोडवताना २० न्यूटन मीटर, १० मिलिमीटरच्या आट्यांना ३५ आणि १२ च्या आट्यांना ४५. याच्या पुढे जायचं नाही. एअर गन तर जवळही आणू नका.

प्लग हलला की लगेच सुटा करायला जाऊ नका. पाव फेरा मागे, थोडा पुढे, तेलाचा थेंब, पुन्हा मागे. करकर आवाज आला तर थांबा आणि पुढे फिरवा. मर्यादेपर्यंत जोर देऊनही हलत नसेल तर पाना खाली ठेवा, पुन्हा तेल सोडा, इंजिन पुन्हा तापवा, उद्या बघा. एका प्लगला तीन दिवस लागले तरी ते हेड उतरवण्यापेक्षा स्वस्तच आहे.

आणि तुटलाच तर? गाडी सुरू करू नका, सेल्फसुद्धा मारू नका. टोकाचा तुकडा सिलेंडरमध्ये पडला असेल तर पिस्टन आणि वॉल्व्ह दोन्ही जातील. हेड न उतरवता तुटलेला प्लग ड्रिल करून काढणारे कारागीर मोठ्या शहरांत मिळतात. त्यांना गाडीपाशी बोलवा किंवा गाडी टो करून न्या.

निघालेला प्लग नीट बघा

जुना प्लग लगेच फेकू नका. टोक काळसर, कोरडं आणि आकारानं शाबूत असेल तर तो वयानं गेला, एवढंच. टोक फुगलेलं किंवा चिरलेलं असेल तर प्लग गरजेपेक्षा जास्त वेळ तापत राहिला, म्हणजे रिले चिकटलाय, किंवा चुकीच्या व्होल्टचा प्लग बसवला होता. टोक वितळलेलं, कुरतडल्यासारखं असेल तर इंजेक्टर संशयित. तो नीट फवारा न मारता थेंब गाळत असेल तर प्लगच्या टोकावर आग धरते. तेलानं ओला असेल तर त्या सिलेंडरमध्ये इंजिन ऑइल चढतंय. यांतलं काही दिसत असताना नुसता नवा प्लग बसवला तर तो काही महिन्यांत जुन्याच्या वाटेनं जाईल.

बसवणं

आधी भोक साफ करा. कार्बन खरवडणारा खास रीमर मिळतो. त्याच्या खाचांत ग्रीस भरून हळू फिरवला की कार्बन ग्रीसला चिकटून बाहेर येतो. कार्बन तसाच ठेवला तर नवा प्लग पूर्ण टेकत नाही, तिथून दाब गळतो आणि टोक लवकर जळतं.

नवा प्लग त्याच भाग-क्रमांकाचा आणि त्याच व्होल्टचा हवा. व्होल्ट बहुतेकदा अंगावर कोरलेले असतात. ११ व्होल्टचा आणि ४.४ व्होल्टचा दिसायला जुळे भाऊ असू शकतात, पण कमी व्होल्टच्या प्लगला थेट बॅटरी लावली तर तो क्षणात जळतो. म्हणून बाहेर बॅटरीवर लावून प्लग तापतो का बघायची जी पद्धत आहे, ती फक्त ११-१२ व्होल्टच्या प्लगसाठी, आणि तीही शिकंज्यात (वाइसमध्ये) घट्ट धरून, काही सेकंदच. सिरॅमिकचा प्लग हातातून पडला तर बसवू नका. बारीक तडा डोळ्यांना दिसत नाही आणि तुकडा आत गळतो.

चारही बदलावे की गेलेला तेवढाच? चारही एकाच वयाचे असतात, एक गेला की बाकीचे मागोमाग निघतात. गाडी लाखभर किलोमीटर चालली असेल आणि प्लग सहज निघत असतील तर मी चारही बदलतो. पण एखादा चांगला चालणारा प्लग अडून बसला असेल, तर त्याच्याशी कुस्ती खेळू नये असं माझं ठाम मत आहे. त्याला राहू द्या.

प्लग आधी बोटांनी फिरवा. आटे अलगद धरले पाहिजेत, पाना लागतो तो शेवटच्या आवळण्याला. ८ मिलिमीटरच्या आट्यांना ८ ते १० न्यूटन मीटर, १० च्या आट्यांना १२ ते १८. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच खरा. वरच्या छोट्या नटाला २ न्यूटन मीटर पुरतात. पट्टीची टोकं पॉलिश पेपरनं चमकवून घ्या. गंजलेल्या जोडामुळे नवा प्लगही अर्धाच तापतो.

दुरुस्ती होईपर्यंत

एक-दोनच प्लग गेले असतील तर चावी फिरवा, दिवा विझेपर्यंत थांबा, बंद करा, पुन्हा फिरवा. असं दोन-तीनदा करून मग सेल्फ मारा. उरलेले प्लग हवा थोडी जास्त तापवतात. एका वेळी दहा सेकंदांच्या वर सेल्फ नको, मध्ये अर्धा-एक मिनिट सोडा.

स्टार्टिंग स्प्रे मारू नका. लालबुंद प्लगवर ईथर गेला की वेळेआधी भडका होतो, पिस्टन फुटू शकतो आणि बोनेटवर वाकलेल्या माणसाचा चेहराही भाजू शकतो. ट्रॅक्टरवर काही ठिकाणी एअर क्लीनरच्या तोंडाशी पेटता बोळा धरतात, तेही गाडीवर करू नका. आणि डिपस्टिक बघत राहा. न जळलेलं डिझेल सिलेंडरच्या भिंतीवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतं. पातळी न भरता वाढली असेल, वास डिझेलचा येत असेल, तर प्लग बदलल्यावर ऑइलही बदला.

बीएस-६ गाडी असेल तर फार लांबवू नका. तिथे डीपीएफमधली, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवरच्या काजळी अडवणाऱ्या फिल्टरमधली, काजळी जाळण्याच्या कामातही प्लगची मदत घेतली जाते, आणि काही गाड्या प्लगचा कोड असताना ती काजळी जाळणं थांबवतात. मग प्लगचं दुखणं फिल्टरपर्यंत जातं.

सगळं बसवून झाल्यावर स्कॅनरनं कोड पुसा, पण गाडी लगेच सुरू करून निकाल लावू नका, इंजिन अजून गरम आहे. रात्रभर उघड्यावर उभी ठेवा. पहाटे चावी फिरवा, दिवा विझू द्या, सेल्फ मारा. पहिल्या दोन-तीन सेकंदांत उचलली, धूर लगेच विरला, हातात स्टिअरिंग थरथरलं नाही, तर काम झालं. त्या दिवसाचा किलोमीटरचा आकडा प्लगच्या रिकाम्या खोक्यावर लिहून ते गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवून द्या.